मदत हवी आहे: कडकनाथच्या पिल्लांत फिके नर निघतात, वजनही कमी भरतं (नागपूर)

हिंगणा_खुराडं:
कडकनाथचा (पिसांसकट कातडी-मांसही काळं असणारी जात) एक कोंबडा आणि आठ कोंबड्या आहेत. कोंबडा तळव्यापर्यंत काळा. कोंबड्या दोन ठिकाणांहून आणलेल्या, पिसं सगळ्यांची काळी. जानेवारीत ३१ पिल्लं निघाली, आता सोळा आठवड्यांची आहेत. १७ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या माद्या) चांगल्या काळ्या, पण १४ नरांपैकी ५ जणांचा तुरा लाल आणि तळवे पांढरट. नरांचं वजन सरासरी ८०० ग्रॅम.

एप्रिलमध्ये ६० अंडी लावली, फक्त २३ फुटली. उरलेली फोडून पाहिली तर बऱ्याच अंड्यांत रक्ताचं कडं होतं. अंडी नऊ दिवस स्वयंपाकघरातल्या फळीवर साठवली होती.

मला प्रदर्शनात ठेवण्याजोगी जोडी हवी आणि मांसही भरलेलं हवं. दोष कोंबड्यात आहे का? वजनासाठी असील या झुंजीच्या जातीचा नर सोडावा का?

तलंग:
भाऊ, कोंबड्याला हात लावू नका. माद्या सगळ्या काळ्या आणि फिके फक्त नर, यातच उत्तर आहे.

कडकनाथच्या कातडीचा काळेपणा मुख्यतः दोन जनुकांवर चालतो. एक काळं द्रव्य कातडीपासून हाडाच्या आवरणापर्यंत पसरवतो. दुसरा त्याला कातडीत अडवतो, आणि हा अडवणारा लिंगसूत्रावर, म्हणजे नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर, बसलेला असतो. पक्ष्यांत अशी दोन लिंगसूत्रं: नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे आई आपला एकुलता झेड फक्त मुलाला देते, मुलीचा झेड बापाकडून येतो. तुमचा कोंबडा काळा आहे, म्हणजे अडवणारा त्याच्यात नाही, म्हणून मुली काळ्या. मुलगे फिके पडले ते आईच्या झेडमुळे. बेटसन आणि पनेट या आनुवंशशास्त्रज्ञांनी १९११ साली सिल्की या काळ्या कातडीच्या जातीवर हेच दाखवलं होतं.

आता दोषी कोंबड्या शोधायच्या. दिवसाउजेडी एकेक कोंबडी उलटी धरा आणि तळवा बघा, पाटीच्या दगडासारखा हवा. पायाच्या नळीवर जाऊ नका, काळ्या पिसाच्या तरुण पक्ष्याच्या खवल्यांवर वरवरचा काळेपणा असतोच. मग चोच उघडून जीभ पाहा, जांभळट हवी. पंखाखालची पिसं फुंकून कातडी पाहा. तुरा एकटा पुरावा धरू नका, अंड्यावरच्या कोंबडीच्या तुऱ्यात रक्त भरून तो लालसर दिसतो.

तरी शंका राहिली तर संध्याकाळी प्रत्येकीला वेगळ्या डालग्याखाली झाका, सकाळी अंडं दिल्यावरच सोडा, आणि अंड्यावर पेन्सिलीने कोंबडीचा आकडा टाका. उबवणीच्या अठराव्या दिवशी एकेकीची अंडी मच्छरदाणीच्या कापडाच्या वेगळ्या पिशवीत ठेवा, नाहीतर पिल्लं मिसळतात. पिल्लांच्या पायात रंगीत झिप टाय सैल बांधा आणि दर आठवड्याला बदला. विसरलात तर पाय जाडावतो आणि टाय मांसात रुततो.

एक फिका मुलगा निघाला की ती कोंबडी दोषी. एक काळा मुलगा निघाला की या जनुकापुरती ती सुटली, कारण तिच्याकडे झेड एकच. दोषी कोंबडीच्या काळ्या मुलीही मी पैदाशीला ठेवणार नाही. अडवणारा त्यांच्यात नसला तरी पसरवणाऱ्या जनुकाची एकच प्रत असू शकते, आणि भावाबहिणीच्या जोडीत ते उघडं पडतं.

हिंगणा_खुराडं:
आताच पाहिलं. दोन कोंबड्यांचे तळवे पांढरट आहेत, तिसरीचा मधूनच करडा. म्हणजे पिसं बघून घेतलं तिथेच चुकलं.

तलंग:
त्या दोन आजच वेगळ्या करा. तिसरीची अंडी आकडा टाकून तपासा.

असील मुळीच सोडू नका. असीलचा तुरा वाटाणा पद्धतीचा (तीन बुटक्या ओळींचा), कडकनाथचा एकेरी दातेरी. वाटाणा तुरा प्रबळ असतो, पहिल्याच पिढीत दिसतो आणि प्रदर्शनातून पक्षी बाद. शिवाय असीलही सावकाशच वाढते. तुमचे ८०० ग्रॅम वाईट नाहीत, कडकनाथ वीस आठवड्यांना साधारण ९०० ग्रॅम ते एक किलो भरतो. पूर्ण वाढलेला नर १.८ ते २ किलो, मादी १.२ ते १.५. सोळा-वीस आठवड्यांतच कोणी दोन किलोचा ‘कडकनाथ’ दाखवला तर त्याचे तळवे आधी बघा.

वजन निवडीतून वाढवा. एकाच खेपेचे नर बारा आणि सोळा आठवड्यांना सकाळी पोट रिकामं असताना तोला. छातीच्या हाडावरून बोट फिरवा: हाड सरळ हवं, आणि सुरीच्या धारेसारखं टोचलं तर वर मांस नाही. बारीक काठीवर लहानपणापासून बसवलं तर हे हाड वाकतं, म्हणून बसायची पट्टी चार-पाच सेंटीमीटर रुंद आणि सपाट ठेवा. काळ्या नऊ नरांतून दोन-तीनच राखा. पहिले आठ आठवडे २० टक्के प्रथिनांचं खाद्य, पुढे १६ ते १८ टक्के. अंड्यावरच्या कोंबड्यांचं जास्त कॅल्शियमचं खाद्य वाढत्या पिल्लांना घालू नका, मूत्रपिंडं खराब होतात.

उबवणी:
अंड्यांचं मी सांगतो. रक्ताचं कडं म्हणजे अंडं फलित होतं, गर्भ पहिल्या काही दिवसांत मेला. कोंबडा निर्दोष आहे.

फळीवर एप्रिलमध्ये पस्तीसेक अंश असणार. चोवीसच्या वर गर्भ अर्धवट वाढू लागतो, नऊ दिवसांत दमतो आणि उबवणी यंत्रात गेल्यावर मरतो. साठवण १५ ते १८ अंशांत, निमुळतं टोक खाली, सात दिवसांच्या आत हवी. घरचा फ्रिज चार-पाच अंशांचा, तो फार थंड. जुन्या फ्रिजला तापमान नियंत्रक लावून सोळावर ठेवला तर उत्तम. तो नसेल तर साठवूच नका, दर दोन-तीन दिवसांनी अंडी लावा. यंत्रात ३७.५ ते ३७.७ अंश आणि आर्द्रता ५५ ते ६० टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. सातव्या दिवशी दिव्यासमोर धरून पाहा: कोरं दिसलं तर अफलित, कडं दिसलं तर मेलेलं.

खरं सांगायचं तर नागपुरात एप्रिल ते जून पैदास थांबवलेलीच बरी. या उन्हात कोंबड्याचं वीर्यही मंदावतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत अंडी लावा.

हिंगणा_खुराडं:
त्या पाच फिक्या नरांचं काय करू?

तलंग:
कापणीला ठेवा, पण कडकनाथ म्हणून विकू नका, त्यांचं मांस तितकं काळं निघणार नाही. वीस-बावीस आठवड्यांना कापा. आधी आठ-दहा तास खाद्य बंद, पाणी चालू. कापल्यावर मांस चोवीस तास फ्रिजमध्ये राहू द्या. लगेच शिजवलं तर ताठरलेलं मांस रबरासारखं लागतं. सावजी रस्सा करणार असाल तर ब्रॉयलरच्या दुप्पट वेळ मंद आचेवर ठेवा, आणि मीठ मांस मऊ होत आल्यावर घाला.