एक सहहिस्सेदार वाटपाला तयार नसेल तर कायद्याने काय करता येते?

प्रश्न

वडिलांच्या पश्चात आई, दोन भाऊ आणि मी असे चार वारस आहोत. वडिलांनी स्वकमाईतून घेतलेले एक दुमजली घर आणि थोडी बागायत जमीन आहे. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. सातबाऱ्यावर आणि मिळकत पत्रिकेवर आम्हा चौघांचीही नावे लागली आहेत. थोरला भाऊ आईसह त्याच घरात राहतो, तळमजल्यावरच्या गाळ्याचा भाडेकरार त्याने एकट्याच्या सहीने केला आहे आणि भाडेही तोच घेतो. वाटपाचा विषय काढला की, "तुझा वाटा तुझ्या लग्नात देऊन झाला," असे उत्तर मिळते. धाकट्या भावाला पैशांची निकड असल्याने तो आपला अविभक्त हिस्सा एका बांधकाम व्यावसायिकाला विकण्याच्या विचारात आहे. मला माझा हिस्सा हवा आहे, परंतु आईला या वयात घर सोडावे लागू नये, अशीही मनापासून इच्छा आहे. थेट दावा दाखल करण्यापूर्वी आणखी काही मार्ग आहेत का?

पहिले उत्तर (दिवाणी न्यायालयात वकिली करणारे सदस्य)

ताई, आपल्या कुटुंबाला हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 लागू आहे असे धरून लिहितो. मिळकत वडिलांची स्वकष्टार्जित असल्याने आई आणि तिन्ही अपत्ये यांचा प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा होतो. लग्नात झालेल्या खर्चाने हा हक्क संपत नाही. तो सोडायचा असता तर आपल्या सहीचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाले असते. तेव्हा कोणाचा हिस्सा किती, हा येथे खरा प्रश्नच नाही. ज्या घराचे चार सरळ तुकडे पडत नाहीत त्याचे करायचे काय, हा प्रश्न आहे, आणि आपली सारी तयारी त्याच्याच उत्तरासाठी असावी.

वाटपाच्या दाव्यात न्यायालय आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा (निर्णयाचा औपचारिक आदेश) करते आणि मग कोर्ट कमिशनर, म्हणजे मिळकतीची पाहणी करणारी व्यक्ती, नेमून प्रत्यक्ष वाटप कसे होईल ते पाहते. पूर्वी या दोन टप्प्यांमध्ये प्रकरणे वर्षानुवर्षे पडून राहत. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर अंतिम हुकूमनाम्यासाठी वेगळ्या अर्जाची वाट न पाहता न्यायालयांनी स्वतःहून पुढे जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. दाव्यात सर्व सहहिस्सेदार आणि सर्व सामाईक मिळकती आल्याच पाहिजेत. केवळ घरापुरता दावा लावून जमीन बाहेर ठेवल्यास नेमक्या त्याच मुद्द्यावर हरकत येते.

आता घराविषयी. वाटप अधिनियम, 1893 च्या कलम 2 नुसार, मिळकतीचे सोयीस्कर वाटप शक्य नसेल आणि एकूण निम्मा किंवा त्याहून अधिक हिस्सा असलेल्यांनी विनंती केली, तर न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते. आपला आणि धाकट्या भावाचा हिस्सा मिळून बरोबर निम्मा होतो. अशी विनंती झाली की कलम 3 नुसार दुसऱ्या हिस्सेदाराला, म्हणजे थोरल्या भावाला किंवा आईंना, न्यायालयाने ठरवलेल्या मूल्याने विनंती करणाऱ्यांचे हिस्से विकत घेण्याची परवानगी मागता येते. आईंना घर न सोडता आपल्याला हिश्शाची रक्कम मिळण्याचा हाच सर्वांत सन्मानाचा मार्ग मला वाटतो. मात्र थोरल्या भावाची रक्कम उभी करण्याची ऐपत आहे का, याचा अंदाज आधी घ्यावा. कोणीच विकत घेतले नाही तर घर खरोखर विक्रीस निघू शकते.

धाकट्या भावाला आजच थांबवा. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 22 नुसार बाहेरच्यास हिस्सा विकण्यापूर्वी इतर वारसांना तो घेण्याचा प्राधान्याचा हक्क आहे आणि किमतीवर एकमत न झाल्यास ती न्यायालय ठरवते. शिवाय मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 44 प्रमाणे, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा घेणाऱ्या त्रयस्थाला त्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही. हे समजल्यावर व्यावसायिकही बहुधा पडेल दरच देऊ करील आणि नुकसान भावाचेच होईल.

दुसरे उत्तर (महसूल खात्यातून निवृत्त सदस्य)

जमिनीची वाट घरापेक्षा वेगळी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 85 खाली सहधारकाला वाटपासाठी अर्ज करता येतो आणि चौघांची संमती असेल तर तहसील कार्यालयातच काम पार पडते. परंतु कोणी मालकीहक्काचा वाद उपस्थित केला, तर दिवाणी न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत तेथे वाटप होत नाही. आपले थोरले बंधू "वाटा देऊन झाला" असे लेखी म्हणाले, तर नेमके हेच घडेल. दिवाणी हुकूमनामा झाला तरी, शेतसारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फतच होते. मोजणी होते, नकाशा तयार होतो, मग ताबे दिले जातात.

एक सावधगिरी बाळगावी. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्राहून (शासनाने ठरवलेल्या किमान क्षेत्राहून) लहान तुकडा पडेल असे वाटप करता येत नाही. क्षेत्र कमी असेल तर एकाने जमीन ठेवावी आणि इतरांना मोबदला द्यावा, यावरच बोलणी न्यावीत. विहिरीचे पाणी आणि बांधावरची वाट यांचा उल्लेख वाटपात स्पष्ट शब्दांत करून घ्यावा. एरवी वाटप होऊनही भांडण सुरूच राहते, हे मी नोकरीत वारंवार पाहिले आहे.

तिसरे उत्तर (मध्यस्थीतून वाद मिटवलेल्या सदस्या)

आमच्याही घरात असाच वाद होता. न्यायालयाने तो मध्यस्थीकडे पाठवला तेव्हा रकमेवर आम्ही लवकर एकमतास आलो, पण जिना कोणाचा, वीजमीटर कोणाच्या नावावर आणि गच्चीवरच्या टाकीचे पाणी कोणी कधी घ्यायचे, यावर बैठकी लांबल्या. मध्यस्थाने प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून हे सारे कागदावर आणले. अशी तडजोड न्यायालयात नोंदवली गेली की तिला हुकूमनाम्याचे बळ येते. लोकन्यायालयात वाद मिटल्यास भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते. दाव्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करूनही बोलणी सुरू करता येतात. ताई, आईंना तेथे अवश्य घेऊन जा. त्याही चौथ्या हिश्शाच्या मालक आहेत, ही गोष्ट आमच्याकडे सर्वजण विसरले होते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांची मनापासून आभारी आहे. धाकट्या भावाशी बोलले. तो तूर्त थांबण्यास तयार आहे. गाळ्याच्या भाड्याचे काय करावे?

पहिल्या सदस्याचे उत्तर

वकिलामार्फत थोरल्या भावाला नोटीस द्या. तीत वाटपासोबत भाड्याचा हिशेबही मागा आणि वाद मिटेपर्यंत घर वा जमीन परस्पर विकू अथवा गहाण ठेवू नये, असे नमूद करा. तेही सहमालकच असल्याने केवळ तेथे राहतात म्हणून त्यांना अतिक्रमण करणारे म्हणता येत नाही. मात्र बाहेरून आलेल्या भाड्यातील आपला वाटा त्यांना द्यावाच लागतो. उत्तर आले नाही तर दाव्यातच हिशेबाची मागणी करून, भाडे न्यायालयात जमा करण्याचा अंतरिम आदेश आणि विक्रीविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मागता येईल. दावा दाखल होताच त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, म्हणजे पुढच्या खरेदीदाराला आपल्याला दाव्याची कल्पनाच नव्हती असे म्हणता येणार नाही. नोटिशीपूर्वी भाडेकराराची प्रत, मिळकत पत्रिका आणि अलीकडचा सातबारा हाताशी ठेवा.