दिल्ली ट्रिप: शास्त्रीजींचं घर बघावं का?

ए-204: दिवाळीनंतर चार दिवस दिल्लीला चाललोय. लाल किल्ला, कुतुबमिनार ठरलंय. अजून काय बघू? मुलं नववीत आणि सहावीत.

सी-501: चांदणी चौकातले पराठे 😋

बी-302: जनपथजवळ मोतीलाल नेहरू प्लेसला लालबहादूर शास्त्रींचं स्मारक आहे. पंतप्रधान असताना राहायचे त्या 10 जनपथला लागूनच.

ए-204: मुलं कंटाळतील हो. जुने चष्मे, जुनी पत्रं...

बी-302: मलाही तेच वाटलेलं. पण तिथे त्यांची फियाट उभी आहे. पंतप्रधानांकडे स्वतःची गाडी नाही म्हणून घरच्यांनी हट्ट धरला. किंमत 12,000, खात्यात 7,000. उरलेल्या 5,000 साठी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. 11 जानेवारी 1966 ला ताश्कंदमध्ये वारले तेव्हा ते फिटलं नव्हतं. पत्नी ललिताजींनी पेन्शनमधून फेडलं. आमचा चिरंजीव गाडीपाशी उभा राहून विचारतो, "बाबा, आपला हप्ता किती?" बायको आठवडाभर हसत होती.

सी-501: हे तर दर 2 ऑक्टोबरला फॉरवर्ड येतं. खरं असतं का?

बी-302: फॉरवर्डवर माझाही विश्वास नाही. पण हे त्यांचे चिरंजीव अनिल शास्त्री यांनीच सांगितलंय.

ए-101 आजी: 1965 साली मी सातवीत होते, गिरगावात. धान्याची टंचाई, रेशनला अमेरिकेचा लाल गहू. शास्त्रीजींनी सांगितलं, सोमवारी एक वेळ जेवू नका. आमच्या चाळीत सोमवारी संध्याकाळी स्टोव्हचा आवाज नसायचा. धाकटा भाऊ रडायला लागला की आई त्याला दाराआड गूळ-शेंगदाणे द्यायची. वडिलांना माहीत होतं. बोलायचे नाहीत.

ए-204: आजी 🙏 ठरलं, जातो. सोमवार मोकळा आहे.

बी-302: सोमवार नको! दिल्लीतली बहुतेक म्युझियम सोमवारीच बंद. आधी फोन करा.

सी-501: म्हणजे सोमवारचा उपास अजून चालूच आहे 😂

डी-403: काशीला जाणाऱ्यांनी रामनगरचं घरही बघा. त्यांचं वडिलोपार्जित घर, 2018 पासून संग्रहालय आहे. रामनगरचा किल्ला बघून परत फिरू नका, आम्ही पहिल्या खेपेला तेच केलं.

सी-501: शास्त्री म्हणजे ते काशीचे ब्राह्मण का?

डी-403: नाही हो. श्रीवास्तव, कायस्थ. शास्त्री ही काशी विद्यापीठाची पदवी. जातीचं आडनाव त्यांनी आधीच सोडलं होतं.

बी-104 काका: सगळे दिल्ली-काशी करताय. ती फियाट कुठे बनली ते कोणी सांगितलं का? आमच्या कुर्ल्याला! प्रीमियर ऑटोमोबाइल्स. मी 74 ला लागलो, म्हणजे ही माझ्या आधी दहा वर्षांची. तेव्हा फियाटला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे लोक.

ए-204: काका, फोटो पाठवते.

बी-104 काका: समोरून नको, तसे नेटवर ढीगभर आहेत. जमलं तर काचेतून आतला काढ. गिअर स्टिअरिंगलाच असतो, मुलांना दाखव.