बागॅत, बातार, पॅं : फ्रेंच पावांची नावं कशी म्हणायची?

प्रश्न : बॅगेट, बॅगेत की बागेत? क्र्वासाँमधला 'ट' म्हणत नाहीत, मग इथला का म्हणायचा?

— 'ट' नाही, 'त'. फ्रेंच टी दंत्य आहे. शब्दाच्या शेवटी टी किंवा डी एकटं आलं तर ते बहुधा मूक. त्यापुढे ई असेल तर व्यंजन ऐकू येतं. बागेतच्या स्पेलिंगअखेर ई आहे, म्हणून 'त' राहतो. क्र्वासाँ टीवर संपतो, बातार डीवर, दोन्ही गळतात. लिहिताना 'बागॅत' बरं. मूळचा उघडा स्वर दिसतो आणि 'बाग'ची सप्तमीही वाटत नाही.

— त्याहून अवघड 'पॅं', म्हणजे पाव. स्वर नाकातून सोडायचा, जीभ कुठेही टेकवायची नाही. टेकली की 'पॅन' होतं आणि फ्रेंच माणसाला 'दुःख' ऐकू येतं. 'पॅं ओ शोकोला'चं (चॉकलेट घातलेला पाव) 'पॅनोशोकोला' करू नका, एकवचनी नामानंतर असा जोडउच्चार होत नाही. 'पॅं द कांपान्य' (गावाकडचा पाव) म्हणताना आपली देवनागरीची सवय आड येते, 'प'च्या आधी हमखास 'म्' घुसतो. ओठ फक्त 'प'साठी मिटले पाहिजेत.

— बरीचशी नावं आकारावरून आहेत. बागॅत म्हणजे काठी, फीसेल म्हणजे दोरी (बागॅतपेक्षा बारीक), बूल म्हणजे गोळा. बातार लांबट, पण बागॅतहून आखूड आणि जाड. एपी म्हणजे ओंबी : भट्टीत घालण्याआधी लांब पावाला कात्रीने साधारण ४५ अंशांत तिरके काप देतात आणि प्रत्येक तुकडा आळीपाळीने डावी-उजवीकडे वळवतात. काप वरवरचा राहिला तर दाणे उमलत नाहीत, आरपार गेला तर ओंबी तुटते.

— दुकानात मागताना 'त्रादिसियों' हा शब्द महत्त्वाचा. १९९३च्या सरकारी आदेशानुसार या नावाच्या पावात कृत्रिम मिश्रकं चालत नाहीत आणि कणीक गोठवता येत नाही. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण एवढ्यावर तो होतो. शेंगवर्गीय बाकल्याचं पीठ मात्र २ टक्क्यांपर्यंत चालतं. मागायचं असं : 'यून त्रादिसियों'. 'यू'साठी ओठ 'ऊ'सारखे गोल ठेवून 'ई' म्हणा. खरपूस हवा तर पुढे 'बियॅं क्वीत', फिकट हवा तर 'पा त्रो क्वीत'. त्रादिसियों स्त्रीलिंगी, म्हणून 'क्वीत'. पॅं पुल्लिंगी, त्याला नुसतं 'क्वी'.