टॉवेल दांडीवर टांगला म्हणजे हॉटेल हिरवं?

"परदेशातली हॉटेलं स्वतःला इको-फ्रेंडली म्हणवतात, विश्वास ठेवायचा कसा?" असं एकाने विचारलंय. मी सोलापूरचा, टॉवेल हा आमच्या गावचा धंदा, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. 'टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा' ही बाथरूममधली पाटी वाचून मला हसू येतं. ज्याच्या नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, तो रोज टॉवेल धुवायला टाकेल होय! सवय चांगलीच, पण त्यात हॉटेलचा लाँड्रीचा खर्चही वाचतो. तेवढ्यावरून प्रशस्तिपत्र देऊ नये.

मी बाहेरच्या संस्थेचं प्रमाणपत्र बघतो. 'ग्रीन की' १९९४ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालं, आता बऱ्याच देशांत आहे. त्यात हॉटेलात येऊन पाणी, वीज, कचरा तपासतात. युरोपात 'ईयू इकोलेबल' या युरोपीय संघाच्या प्रमाणपत्राचं फुलाचं चिन्ह, नॉर्डिक देशांत (स्वीडन, नॉर्वे वगैरे) तिथल्या प्रमाणपत्राचं हंसाचं चिन्ह. पण हॉटेलचं नाव त्या त्या संस्थेच्या यादीत शोधा, हॉटेलच्या साइटवरच्या चिन्हावर जाऊ नका. कुणी 'आम्हाला जीएसटीसीने (ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल) प्रमाणपत्र दिलंय' म्हणालं तर जरा थांबा: ती संस्था निकष ठरवते, हॉटेलांना प्रमाणपत्र दुसऱ्याच संस्था देतात.

यादीत नसलेलं छोटं घरगुती हॉटेल लगेच बाद करू नका, प्रमाणपत्राला पैसे पडतात. सरळ मेल टाकून विचारा, पाणी कशावर तापवता, खोलीत प्लास्टिकच्या बाटल्या ठेवता का. आणि रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल असंच निवडा, टॅक्सीही वाचते.