ज्येष्ठ गोंधळ्याचा गौरव : शाल-श्रीफळ की पूर्ण गोंधळ?

धागा
उभं आयुष्य देवीचा गोंधळ घालण्यात गेलेल्या कलावंताचा गौरव करायचा म्हणजे पाहुण्यांची भाषणं, मानपत्र आणि शेवटी 'आता एखादं पद होऊन जाऊ दे'. हे बंद व्हावं. सत्कार दहा मिनिटांत उरका आणि रीतसर गोंधळ ठेवा: चौक (देवीची मांडणी), दिवटी (मशाल), गण (गणेशस्तवन), देवदेवतांना आवाहन, आख्यान (गाऊन सांगितलेली कथा), आरती. एका पदात संबळाचा, म्हणजे त्या जोडवाद्याचा, दणका ऐकू येतो. कथा सांगणारा माणूस कळतच नाही.

प्रतिसाद १
असहमत. गोंधळ हा कुळाचार आहे, लग्नानंतर देवीपुढे घालतात. सत्काराच्या शोभेसाठी चौक मांडणं मला पटत नाही. शिवाय उतारवयात रात्रभर उभं राहून गायचं? आख्यान तेवढं ठेवा. लोकशाहीर विठ्ठल उमपांनी 'जांभूळ आख्यान' नाट्यगृहात नेलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं.

धागाकर्ता
चौकाचं मान्य, तो वगळू. वयावर उपाय फडातच, म्हणजे गोंधळ्यांच्या संचातच, आहे: गण आणि आख्यानातला कळीचा भाग नाईकाने (मुख्य गोंधळ्याने) घ्यावा, मधली पदं शिष्यांनी. पण साथीदाराला वगळून नाईकाला एकट्याला माइकपुढे उभं करू नका. जांभूळ आख्यानात द्रौपदीच्या मनात कर्ण भरला असं नाईक सांगतो, तेव्हा 'पाच असताना सहावा?' हे श्रोत्यांच्या मनातलं साथीदारानेच विचारायचं असतं. तो नसला की आख्यानाचं प्रवचन होतं.

प्रतिसाद २
दोन्ही बाजूंनी ध्वनिमुद्रणाचा विचार केलेला दिसत नाही, आणि मागे उरणार तेच. संबळाच्या दोन्ही भांड्यांचा आवाज वेगळा, म्हणून दोन माइक, वीतभर अंतरावर. तुणतुण्याला तिसरा, नाहीतर संबळ त्याला गिळतो. साथीदाराला स्वतःचा माइक हवाच. दमट हवेत कातडं सैलावतं आणि आवाज बसतो. मध्ये ते शेकायला वेळ ठेवा, निवेदकाला तेव्हा बोलू द्या. मोबाइलवर मुद्रण करत असाल तर गोंगाट कमी करणारी सोय आधी बंद करा. तुणतुण्याचा एकसुरी नाद तिला गोंगाटच वाटतो आणि ती तो कापून टाकते.

प्रतिसाद १
मुद्रण जरूर करा, पण कलावंताला विचारून. काही पदं फक्त देवीपुढे म्हणायची असं ज्यांच्या घरात चालत आलंय, त्यांच्यावर 'संपूर्ण गोंधळ' लादू नये. काय गायचं ते त्यांनी ठरवावं.

प्रतिसाद ३
आणि बिदागीचं काय? शाल एकाच्या खांद्यावर, संबळवाला आणि झीलकरी (मागे सूर धरणारे) रिकाम्या हाताने घरी, हे मला फार खटकतं. हार-तुरे, स्मृतिचिन्ह, मंडप यांचा खर्च कमी करा आणि फडातल्या प्रत्येकाला त्याच्या नावाने पाकीट द्या, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी. मुद्रणाची प्रत कलावंताच्या घरी पोचली पाहिजे आणि ते पुढे कुठे वाजवायचं, हे त्यांच्याशी लेखी ठरलेलं असावं. एवढं होणार नसेल तर पूर्ण गोंधळालाही माझा विरोध आहे.