सुसिलुओला: निअँडरथल फिनलंडपर्यंत गेले होते का?

पाषाणवेडा:
पश्चिम फिनलंडमध्ये कारियोकीजवळ सुसिलुओला, म्हणजे लांडग्याची गुहा आहे; टेकडीच्या खडकातली एक फटच ती. १९९६ मध्ये तिच्यातली माती उपसताना घडवल्यासारखे दिसणारे दगड निघाले आणि पुढच्या वर्षी रीतसर उत्खनन सुरू झालं. पुरातत्त्वज्ञ हान्स-पेटर शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते ही निअँडरथलांची, म्हणजे आपल्या नामशेष झालेल्या भाऊबंद मानवजातीची, अवजारं आहेत, शेवटच्या हिमयुगाच्या आधीच्या उबदार काळातली, म्हणजे सव्वा लाख वर्षांच्या आसपासची. एरवी फिनलंडमधला माणसाचा पुरावा साधारण ११,००० वर्षांच्या मागे जात नाही!

माझं मत: दावा खरा आहे. त्याच उबदार काळात जर्मनीतल्या नॉयमार्क-नोर्डला निअँडरथल हत्ती मारत होते. असली माणसं उत्तरेकडे का सरकणार नाहीत?

गारगोटी:
का सरकणार नाहीत हा पुरावा झाला का? त्या काळाच्या सुरुवातीला बाल्टिक आणि श्वेत समुद्र एकमेकांना जोडलेले होते, म्हणजे तो भाग बेटच झाला होता. फिनलंडला पायी यायचं कुठून?
शिवाय नंतर त्या टेकडीवरून अजस्र हिमस्तर सरकला. बर्फाखाली दगड दगडावर घासतो, फुटतो, त्याचे छिलके उडतात. हाड नाही, दात नाही. नुसते छिलके, आणि त्यावर अख्खा मुक्काम उभा करायचा?

पाषाणवेडा:
समुद्र कायम तसाच नव्हता, तो जोड नंतर तुटला. आणि हाडाचं काय घेऊन बसलात? तिकडच्या आम्लधर्मी मातीत हाड टिकतच नाही. काही तुकडे सिल्टस्टोनचे, म्हणजे गाळापासून बनलेल्या बारीक कणांच्या दगडाचे आहेत, गुहेचा खडक तो नव्हे. ते कोणी आणले?

गारगोटी:
हिमनदीने. परका दगड वाहून आणणं हा तर तिचा धंदाच.

तिरपा डोळा:
दोघांनाही एक आठवण. कॅलिफोर्नियातल्या कॅलिको इथल्या दगडांना लुई लीकीसारख्या नामवंत पुरामानवशास्त्रज्ञाने अवजारं म्हटलं, तरी बहुतेक तज्ज्ञ ते आपोआप फुटलेले मानतात. २०१६ मध्ये तर ब्राझीलमधली कॅपुचिन माकडं दगड आपटताना नकळत माणसासारखे छिलके पाडतात हे दिसलं. सुसिलुओलाबद्दल पेटिट आणि निस्कानेन या संशोधकांनी २००५ मध्येच शंका मांडली आहे. मी गारगोटींच्या बाजूने, पण त्यांचं समुद्राचं कारण मला लंगडं वाटतं.

पाषाणवेडा:
फिनलंडमध्ये माकडं नव्हती हो! एकेका तुकड्यावर वाद घाला, चालेल. पण एकाच फटीत इतके सगळे?

गारगोटी:
फट आहे म्हणूनच. बाहेरचे बर्फाने खरवडून नेले, आतले राहिले. एकाच गाभ्याचे, म्हणजे मूळ दगडाचे, चार छिलके परत एकमेकांत बसवून दाखवा, मग मी गप्प.