‘सेलिंग यॉटवरची सुट्टी’ : नौकाविहार, शीडसफर की आणखी काही?

अनुवादिनी :
एका पर्यटनसंस्थेच्या माहितीपत्रकाचा मराठी मजकूर करून देण्याचे काम माझ्याकडे आहे. क्रोएशियातील स्प्लिट बंदरातून शनिवारी निघायचे, ब्राच, ह्वार आणि विस ही बेटे पाहून पुढच्या शनिवारी परत यायचे आणि सातही रात्री शिडाच्या यॉटवरच मुक्काम करायचा, अशी ती सहल आहे. मी ‘नौकाविहार’ असे लिहिले. संस्थेने तो मजकूर काही जुन्या ग्राहकांना वाचायला दिला, तेव्हा एका आजोबांनी रोज किती तास वल्हवावे लागेल असे विचारले, आणि एका बाईंची समजूत झाली की तळ्यात तासभर फिरवून आणणार. ‘क्रूझ’ म्हणावे तर हजारो प्रवाशांचे मोठे जहाज डोळ्यांसमोर येते. दुसरी अडचण ‘बेअरबोट’ या शब्दाची आहे. यात नौका कप्तानाशिवाय भाड्याने मिळते आणि आपल्यापैकी एकाजवळ नौका चालवण्याचा परवाना असावा लागतो. ‘उघडी बोट’ असे भाषांतर केले तर टप नसलेली होडी वाटेल. काय लिहावे?

कुलाबकर :
‘यॉट’ हा शब्द बदलू नये असे मला वाटते. मुंबईत यॉट क्लबची स्थापना १८४६ मध्ये झाली. गेटवेजवळ राहिलेल्या आमच्या तीन पिढ्या ‘यॉट क्लब’ असेच म्हणत आल्या आहेत. इतकी वर्षे वापरात असलेल्या शब्दाला परका म्हणणे योग्य नाही. ‘यॉटवरची सुट्टी’ असे लिहावे. शिवाय ‘यॉट’ आणि ‘यात्रा’ हे एकाच मुळाचे असावेत, असे मला फार दिवसांपासून वाटते.

दर्याकिनारा :
ज्या भाषेच्या लोकांनी कान्होजी आंग्र्यांच्या काळी गुराबा आणि गलबते चालवली, तिला शिडाच्या नौकेसाठी उसना शब्द घ्यावा लागतो हे मला मान्य नाही. ‘शीडनौका’ आणि ‘शीडसफर’ हे शब्द कोणालाही समजतील. स्किपरला, म्हणजे नौका चालवणाऱ्या कप्तानाला, ‘नाखवा’ म्हणावे. शुद्ध मराठी शब्द समोर असताना तो टाळण्याचे कारण काय?

मूळार्थ :
नाखवा मलाही प्रिय आहे, पण तो फारसी ‘नाखुदा’वरून आला आहे. नावेचा स्वामी तो नाखुदा. तेव्हा त्याला वापरावे ते रुळलेला म्हणून, शुद्ध म्हणून नव्हे. कुलाबकरांची यात्रेची व्युत्पत्ती मात्र टिकणार नाही. ‘यॉट’ हा डच शब्द आहे आणि त्याचे मूळ शिकार, पाठलाग या अर्थाच्या शब्दात आहे, कारण या नौका मुळात वेगवान होत्या. १६६० मध्ये ॲमस्टरडॅम शहराने इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला अशी एक नौका भेट दिली आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये हौसेने नौका बाळगण्याची चाल पडली. ‘स्किपर’देखील डचांकडूनच आला आहे. समुद्रावरचे शब्द बंदरोबंदरी फिरतात, त्यांना सोवळ्यात ठेवता येत नाही.

हर्णैचा :
माझ्या आजोबांचा शिडाचा मचवा होता. त्यांच्या तोंडी ‘गलबत हाकारणे’, म्हणजे शीड उभारून निघणे, हे क्रियापद नेहमी असे, आणि वारा वाढला की ते ‘शीड उतरवा’ एवढेच म्हणत. इंजिन आल्यावर शीड गेले आणि ते क्रियापदही आमच्या घरातून गेले. माझ्या वडिलांनी ते कधी वापरलेले मला आठवत नाही. पण मूळ प्रश्नाचे खरे उत्तर मला यातच दिसते. आमच्याकडचे सगळे शब्द कामाचे आहेत : मासे, माल, लढाई. वारा भरलेल्या शिडाखाली नुसते आनंदासाठी आठ दिवस राहायचे, ही गोष्टच आमच्या किनाऱ्यावर नव्हती, मग तिचा शब्द कुठून असणार? हाकारणे हे क्रियापद मात्र या सहलीला नक्की शोभेल.

दर्याकिनारा :
हाकारण्याला माझी पूर्ण संमती आहे. परंतु गोष्ट नव्हती म्हणून शब्द घडवूच नये, हे मी मानत नाही. दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती नौका गोव्यात दिवाडीला बांधली होती आणि तिला नाव तिथल्याच नदीचे होते. तिला ‘यॉट’ म्हणण्यापेक्षा ‘शीडनौका’ म्हणणेच मला उचित वाटते.

सहप्रवासी :
मी गेल्या वर्षी हीच सहल केली. सकाळी समुद्र काचेसारखा असतो आणि इंजिनावरच जावे लागते. दुपारी ‘माएस्त्राल’ नावाचा वारा समुद्रावरून सुरू होतो आणि संध्याकाळी पडतो. आपल्या भूगोलातल्या खाऱ्या वाऱ्यांसारखाच तो मला वाटला. ह्वारकडे जाताना तो एकदम वाढला, नौका एका अंगावर इतकी कलली की स्वयंपाकघरातला चहाचा डबा उघडून फरशीभर पत्ती झाली, आणि आमच्या तरुण स्किपर मुलीने शीड अर्धे गुंडाळले. आई तिला पहिल्या दिवसापासून ‘कप्तान’ म्हणत होती. तिला नाखवा म्हणावे की नाखवीण? माझ्या माहितीप्रमाणे नाखव्याची बायको ती नाखवीण.

मूळार्थ :
प्रश्न योग्य आहे. पाटलाची बायको ती पाटलीण, पण गावचा कारभार स्वतः पाहणारी बाई आली तेव्हाही आपण असेच अडलो होतो. मला ‘नाखवा’ दोघांनाही चालेल असे वाटते.

हर्णैचा :
आमच्याकडे ते चालणार नाही. नाखवा म्हटले की पुरुषच. त्यापेक्षा ‘तांडेल’ बरा, तो शब्द कामावरून आहे.

दर्याकिनारा :
तांडेल हा खलाशांचा मुकादम असतो, नौकेचा धनी नव्हे. दोन्ही एक करू नयेत.

हर्णैचा :
बंदराबंदरात फरक असेल. आमच्या बंदरात मचवा समुद्रात नेणारा तोच तांडेल, मग मचवा कोणाचाही असो.

अनुवादिनी :
सर्वांचे मनापासून आभार. ‘आठ दिवसांची शीडसफर’ हे शीर्षक आणि ‘स्प्लिटहून नौका हाकारायची’ हे पहिले वाक्य मी कळवले आहे. ‘बेअरबोट’ मात्र अजून जसाच्या तसाच आहे. तूर्त ‘कप्तानाविना नौका’ लिहिले, तर संस्थेने विचारले आहे की हे वाचून लोक घाबरणार नाहीत का.

कुलाबकर :
‘स्वतः चालवायची नौका’ असे लिहून पाहा. आणि तांडेलाचे काय ठरले?